लूपमध्ये ॲरे बनवताना: नाव कुठे, ॲरे कुठे

जावास्क्रिप्ट नव्याने शिकणाऱ्यांचा कोड तपासताना एक प्रश्न मला हमखास भेटतो: लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) फिरेल तसे गुण१, गुण२, गुण३ अशा नावांचे ॲरे (क्रमाने मूल्यं ठेवणाऱ्या याद्या) आपोआप कसे तयार करायचे? माझं उत्तर ठरलेलं आहे. नावं बनवूच नका. नाव कोडने बनवलं, की ते वाचायलाही पुन्हा कोडच लिहावा लागतो. त्यापेक्षा एकच ॲरे घ्या आणि त्यात ॲरे ठेवा.

समजा, तीन विद्यार्थ्यांचे गुण साठवायचे आहेत. लूपच्या आधी 'सगळे' नावाचा रिकामा ॲरे. लूपच्या आत, प्रत्येक फेरीत, 'गुण' नावाचा नवा रिकामा ॲरे. तो भरायचा आणि 'सगळे'मध्ये पुश करायचा, म्हणजे शेवटी जोडायचा. इतकंच. पण यातली एक ओळ वरखाली झाली की चित्र पालटतं. 'गुण' लूपच्या बाहेर बनवला, तर तिन्ही जागी तोच एक ॲरे बसतो, कारण पुश प्रत काढत नाही, फक्त संदर्भ ठेवतो. मग एकाचे गुण बदलले की तिघांचे बदलतात. उलट 'सगळे' लेटने (कॉन्स्ट आणि व्हारसारखाच नाव जाहीर करणारा शब्द) लूपच्या आत घेतला, तर तो दर फेरीला कोरा होतो आणि लूपबाहेर वाचायला गेलात की रेफरन्स एरर, म्हणजे 'असं नाव सापडत नाही' ही चूक.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. स्कोप, म्हणजे कुठपर्यंत चालतं ती हद्द, असतो तो नावाला. ॲरे मात्र रिकामा चौकटी कंस ([]) जितक्या वेळा चालेल तितक्या वेळा नवा बनतो. म्हणूनच कॉन्स्टने घेतलेल्या ॲरेतही पुश चालतं: नाव दुसरीकडे वळवता येत नाही, आतला माल बदलता येतो.

लेट आणि कॉन्स्ट २०१५च्या आवृत्तीत आले. त्याआधीचा व्हार फक्त फंक्शनची हद्द पाळतो, लूपचा महिरपी कंस त्याच्या लेखी नसतोच. ० ते २ फिरणाऱ्या लूपमध्ये सेटटाइमआउट (काम थोड्या वेळाने, लूप संपल्यावर करायला लावणारं फंक्शन) लावून काउंटर छापा: व्हारने ३, ३, ३ येतं, लेटने ०, १, २. कारण लेट प्रत्येक फेरीला स्वतंत्र काउंटर देतो. नव्या कोडमध्ये व्हार वापरायचं मला तरी एकही कारण दिसत नाही.

ॲरेच्या सगळ्या जागा एकाच मूल्याने भरणाऱ्या फिलपासूनही सावध राहा. फिलला रिकामा ॲरे दिला, तर तो सगळ्या जागी तोच एक ॲरे भरतो. शंका आली की कन्सोलमध्ये सगळे[०] आणि सगळे[१] तीन बरोबर चिन्हांनी (===) ताडून बघा. ट्रू आलं, तर दोन्हीकडे ॲरे एकच आहे.