ताण तोडण्याआधी इंजनाचा धूर बघून घ्या

संत्र्याच्या अंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, झाडांचं पाणी बंद करून दिलेला ताण जानेवारीच्या मध्यावर पुन्हा पाणी देऊन तोडणार असाल, तर विहिरीवरचं डिझेल इंजन निदान आठ दिवस आधी चालवून बघा. पहिलं ओलीत दिलं की झाड जागं होतं. मग दुसऱ्या पाण्याला उशीर झाला तर फुलं गळतात. नागपूर जिल्ह्यात काटोल-कळमेश्वरकडे विजेची पाळी रात्रीची आली की हेच जुनं 5 हॉर्सपॉवरचं इंजन कामी येतं, आणि ते तर पावसाळ्यापासून झाकून ठेवलेलं असतं.

हँडल मारण्याआधी सायलेन्सरमध्ये डोकावा. मागच्या साली आमचं इंजन काळाकुट्ट धूर ओकत होतं. मिस्त्रीनं नोझल (डिझेल फवारणारी तोटी) बदललं, फ्युएल पंप खोलला, मजुरी घेतली, धूर तसाच. शेवटी मी सायलेन्सर काढून दगडावर आपटला, तर कुंभारीण माशीचं घरटं बाहेर पडलं, विटेसारखं भाजलेलं. जळालेली हवा बाहेर जायलाच वाट नव्हती, मग ताजी हवा आत येणार कुठून? आता इंजन बंद झालं की सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा पालथा घालतो. सुरू करताना तो काढायचं विसरू नका.

एअर फिल्टरमधलं जुनं ऑइल फेका, जाळी रॉकेलनं किंवा डिझेलनं धुवा, नवं ऑइल खुणेपर्यंतच भरा. जास्त झालं तर ते आत ओढलं जातं आणि निळा धूर येतो. इंजनाच्या ऑइलची पट्टी काढून नुसती बघू नका, वास घ्या. न भरताच पातळी वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल खाली झिरपतंय; इंजन सुरूच करू नका. ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळं दिसतं.

आता सुरू करा. आपल्याकडच्या थंडीत सकाळी पहिली काही मिनिटं पांढरा धूर येणारच, त्याला घाबरू नका. इंजन तापल्यावरही तो राहिला, तर जवळ उभे राहा. डोळे चुरचुरत असतील आणि धूर हवेत रेंगाळत असेल, तर ते न जळालेलं डिझेल: दोष नोझलचा, टायमिंगचा (डिझेल फवारायच्या वेळेचा) किंवा कॉम्प्रेशनचा (आत हवा दाबली जाण्याचा). वास नाही आणि लगेच विरून जातो, तर ती वाफ. हेड गॅस्केट (इंजनाच्या हेडखालचं सील) बघा, तिथून पाणी आत जात असेल. काळा धूर असेल तर पंप फिरवणारा पट्टा उतरवून दोनच मिनिटं मोकळं चालवा. धूर गेला, तर बहुधा दोष लोडचा: पट्टा फार ताणलेला किंवा पंपाचं बेअरिंग जाम. तापल्यावरही निळा धूर टिकला आणि फिल्टर ठीक असेल, तर ऑइल जळतंय. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) झिजले असतील. ते काम ताण तोडण्याच्या आदल्या दिवशी होत नाही.

नोझल आधी बदलू नका, नागपुरात टेस्टिंगला न्या. दाब आणि फवारा दोन्ही कळतात. घरी फवारा बघायच्या नादात बोट पुढे धरू नका, तो दाब कातडीतून आत घुसतो.

आणि पाणी खोल गेलं म्हणून इंजन विहिरीत उतरवू नका, कितीही घाई असो. धूर दिसत नसला तरी विषारी वायू तळाशी कोंडतो. कोणी खाली बेशुद्ध पडलं तर त्याच्यामागे दुसऱ्यानं उतरू नये.

एवढं झालं की हेड गॅस्केट, नोझलचे वॉशर, जादा पट्टा आणि बंद कॅनमध्ये 10 लिटर गाळलेलं डिझेल झोपडीत आणून ठेवा.