परदेशातून आलेला विद्यार्थी आणि आपण शिक्षक : या चुका टाळा

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील हरमल, मांद्रे, मोरजी या किनारी गावांत स्थिरावलेली परदेशी कुटुंबे आणि पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला जाऊन परतलेली गोमंतकीय कुटुंबे यांची मुले माध्यमिक वर्गात येतात, तेव्हा आपली पहिली चूक बहुधा त्यांचे जुने प्रगतिपुस्तक उघडतानाच होते. ती माझ्याकडूनही झाली आहे.

आठवीत आलेल्या एका रशियन मुलीच्या गणितापुढे ‘४’ आणि ‘५’ असे आकडे होते. ते दहापैकी आहेत असे गृहीत धरून मी तिला कच्च्या मुलांच्या जादा तासाला बसवले. रशियात ५ हा सर्वोच्च शेरा असून २ म्हणजे नापास, हे मला ठाऊक नव्हते. (जर्मनीत याच्या उलट, १ सर्वोत्तम.) त्या तासाला तिने समीकरण सोडवून उत्तर ‘३,५’ असे लिहिले, भागाकारासाठी दोन टिंबे दिली आणि मी त्यावर लाल फुली मारली. तिच्याकडे दशांश स्वल्पविरामाने दाखवतात, त्यामुळे आपले १,२५० तिला सव्वा वाटत होते. यावर उपाय अगदी साधा आहे : पहिल्या आठवड्यात शब्द नसलेली, केवळ आकड्यांची उदाहरणे देऊन मुलाची खरी तयारी पाहावी आणि दोन्हीकडच्या चिन्हांचा तक्ता त्याच्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा.

दुसरी चूक भाषेची. मधल्या सुट्टीत मित्रांशी भरभर इंग्रजी बोलणारा मुलगा इतिहासाच्या पेपरात दोन ओळींवर थांबला, की ‘बोलता येते, लिहायचा तेवढा आळस’ असा शेरा शिक्षक-खोलीत हमखास ऐकू येतो. जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाने १९७९ मध्येच बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतील फरक मांडला होता. त्याच्या पुढच्या अभ्यासानुसार नव्या भाषेत व्यवहारापुरते बोलणे साधारण दोन वर्षांत जमते, पण पाठ्यपुस्तकाच्या भाषेत समवयस्कांच्या बरोबरीला येण्यास पाच ते सात वर्षे लागू शकतात. म्हणून धड्यातील दहा-बारा कळीचे शब्द आदल्या दिवशी द्यावेत, कच्चे टिपण मुलाला स्वतःच्या भाषेत करू द्यावे आणि विज्ञानाचे उत्तर तपासताना आशयाचे गुण शुद्धलेखनापायी कापू नयेत. सुरुवातीचे काही आठवडे मूल गप्पच राहिले, तर त्याला उभे करून धडा वाचायला लावू नये. ते ऐकत असते.

तिसरी चूक चेहरा पाहून होते, आणि माझ्या मते ती अधिक नुकसान करते. गोऱ्या मुलाशी आपण सावकाश बोलतो. इंग्लंडमधील स्विंडनमध्ये जन्मलेल्या, पण आडनावाने आणि रूपाने गोमंतकीय असलेल्या मुलाला मात्र ‘आपलाच पोर’ म्हणून सरळ देवनागरी उतारा वाचायला देतो. घरी आजीची कोकणी ऐकून त्याला समजत असते, अक्षर मात्र एकही ओळखता येत नाही. ऐकून किती समजते आणि वाचता किती येते, हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत. बाराखडी शिकवायचीच आहे, पण ती तास संपल्यावर, आठवीला शोभेल अशा मजकुरातून. सगळ्या वर्गासमोर पहिलीचे पुस्तक हातात देऊन नव्हे.

पालकसभेत मुलालाच दुभाषा करून त्याच्याच तक्रारी भाषांतरित करायला लावणे किंवा व्हिसाची चौकशी हजेरीच्या वेळी करणे, हेही टाळावे. परदेशी विद्यार्थ्याची नोंदणी हे शाळेच्या कचेरीचे काम आहे, वर्गाचे नव्हे.

राहता राहिली ती ‘पर्यटनाचा हंगाम संपला की हा जाणारच, मग एवढी मेहनत कशाला’ ही वृत्ती. काही मुले खरोखरच वर्षाच्या मध्ये जातात; पण म्हणूनच त्यांच्या वहीतील काम पुढच्या शिक्षकाला वाचता येईल असे असले पाहिजे. ती रशियन मुलगी गेली, तेव्हा दाखल्यासोबत मी शिकवलेल्या घटकांची यादी जोडली आणि खाली इंग्रजीत एक टीप लिहिली : गुण शंभरपैकी आहेत, जास्त गुण म्हणजे चांगले, आणि आकड्यांतील स्वल्पविराम हजार दाखवतो, दशांश नव्हे.