ट्रान्सफर केसचा घट्ट लिव्हर असा सुटला

पावसाळाभर उमरेडकडच्या काळ्या मातीत फोर व्हील ड्राइव्ह गाडी फिरली आणि ट्रान्सफर केसचा, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरपेटीचा, लिव्हर इतका घट्ट झाला, की दोन्ही हातांनी ओढावा लागे. वाडीतले मिस्त्री म्हणाले, "केस उघडायची घाई नको भाऊ, आधी खालचं लिंकेज पाहू." लिंकेज म्हणजे लिव्हर केसला जोडणारे दांडे. पाहतो तर त्यांच्या पिव्होटवर (फिरत्या सांध्यावर) चिखल वाळून कडक झालेला, आतली पिन गंजून तांबडी. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी पिन काढून पॉलिश पेपरने घासली, बुश नवे टाकले, ग्रीस भरलं. आता लिव्हर एका हाताने पडतो.

कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हीलमध्ये चालवल्यावर लिव्हर अडकला, तर मात्र कारण वेगळं असतं. पुढची-मागची चाकं वळणावर सारखी फिरत नाहीत, शाफ्टला पीळ बसतो. तेव्हा जोर लावू नका. गाडी थोडी सरळ रिव्हर्स घ्या, मग लिव्हर फोर व्हीलमधून काढा.