वी कन्सोलवरील मेटा फाइलची दुरुस्ती

सांगलीत भाच्याच्या निन्टेन्डो वी कन्सोलवर, होमब्रू चॅनेलच्या (अनधिकृत, हौशी प्रोग्राम चालवणाऱ्या अ‍ॅपच्या) यादीत एका प्रोग्रामचे नाव व वर्णन दिसण्याऐवजी नुसते फोल्डरचे नाव दिसत होते. एसडी कार्डावरील ‘अ‍ॅप्स’ फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोग्रामचा स्वतंत्र फोल्डर आणि त्यात ‘बूट.डीओएल’ (प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम) व ‘मेटा.एक्सएमएल’ (त्याचे नाव, आवृत्ती व वर्णन) या फाइली, ही रचना बिनचूक होती. दोष सापडला तो ‘मेटा.एक्सएमएल’मधील वर्णनाच्या ओळीत. तेथे ‘&’ हे चिन्ह सुटे लिहिलेले होते, आणि एक्सएमएलमध्ये (माहिती खुणांमध्ये मांडण्याच्या या लेखनपद्धतीत) या चिन्हापासून विशेष संकेत सुरू होतो असे मानले जात असल्यामुळे सगळी फाइलच अवैध ठरते. चिन्हाच्या जागी शब्द लिहून फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात जतन केली, तेव्हा नाव, आवृत्ती व वर्णन व्यवस्थित उमटले. विंडोजवर हे काम करताना फाइलींची एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी प्रकारदर्शक अक्षरे) दिसतील अशी सोय आधी अवश्य करावी, कारण नवी फाइल जतन करताना नोटपॅड शेवटी ‘.टीएक्सटी’ जोडून ठेवू शकते आणि ते नजरेस पडत नाही.