कोकणात केबिन की कॅम्पर?
कोकणात स्वतःची जागा असेल आणि सुट्टी लागली की पाय तिकडेच वळत असतील, तर केबिन, म्हणजे हलवता येणारी तयार खोली, घ्या. दरवेळी नवा किनारा हवा असेल तर कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, तीही आधी भाड्याने.

केबिनचा दर विचारण्याआधी टेप घेऊन वाडीतला रस्ता मोजा. वीस बाय आठ फुटांची तयार केबिन ट्रेलरवरून येते, हायड्राने (फिरत्या क्रेनने) उतरवतात. आमच्या गुहागरकडच्या वाडीत दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर विजेच्या तारा. ट्रेलर वळणारच नाही. अशा ठिकाणी सुटे पॅनेल आणून जागेवर जोडून घ्यायचे. नुसता पत्रा नको, मे महिन्यात आत भट्टी होते. पफ पॅनेलच घ्या, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं. खाली हातभर उंच चौथरा हवाच, नाहीतर पावसाचं पाणी आणि खारी हवा मिळून तळाचं लोखंड खातात. आणि माडाखाली? अजिबात नको. परवानगीचं ग्रामपंचायतीत आधी विचारा. ‘हलवता येते’ एवढ्यावर भागेलच असं नाही.

कॅम्परची खरी गोम मुक्कामात. रात्री गाडी कुठे लावणार, सांडपाणी कुठे रिकामं करणार, हे निघण्यापूर्वी ठरवा. जुन्या व्हॅनचा कॅम्पर करून घेणार असाल तर आरटीओची मंजुरी आधी, सुतार नंतर. गाडी वाळूत मात्र उतरवू नका, रुतली तर ओढायला भरतीच्या आधी ट्रॅक्टर येईलच असं नाही.