अभ्यासक्रम लिहायला बसण्याआधी वडापावच्या गाडीवर जाऊन या

विशेष शाळेत आठ-दहा वर्षं वर्ग सांभाळलेल्या ताईला एक दिवस मॅडम केबिनमध्ये बोलावतात आणि म्हणतात, "पुढच्या वर्षापासून अभ्यासक्रमाचं काम तू बघ." माझं असंच झालं. खिडकीजवळची खुर्ची मिळाली, एक जुना कॉम्प्युटर मिळाला, आणि काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. गेल्या वर्षी आमच्याच एका ताईला हे काम मिळालं तेव्हा तिला जे सांगितलं, ते इथे लिहिते.

कागदपत्रांचं आधी उरकू. विशेष शिक्षणातलं डी.एड. किंवा बी.एड. आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी, म्हणजे आपला सीआरआर नंबर, हे हवंच. नोंदणीची मुदत संपते आणि नूतनीकरणाला प्रशिक्षणाचे गुण लागतात. ते शेवटच्या महिन्यात गोळा करायला धावू नका.

दुसरं, कुणासाठी लिहिताय ते ठरवा. अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे बुद्धी नेहमीसारखी पण वाचन-लेखन किंवा गणित अडणाऱ्या, मुलाचा अभ्यासक्रम तोच राहतो, वाट बदलते. मुंबईत सायन, केईएम किंवा नायर रुग्णालयाचं प्रमाणपत्र आणून त्याला परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, पण इतिहास त्याला सगळ्यांचाच शिकायचा असतो. बौद्धिक दिव्यांग मुलाच्या बाबतीत काय शिकवायचं हेच बदलतं. ही दोन कामं एका फाईलमध्ये कोंबली की दोन्ही मुलांचं नुकसान होतं. पुढचं सगळं दुसऱ्या मुलाबद्दल आहे.

सगळं पहिल्यापासून लिहायची हौस मात्र आवरा. शिवडीच्या जय वकील संस्थेने तयार केलेला 'दिशा' अभ्यासक्रम राज्यातल्या विशेष शाळांमध्ये वापरला जातो, तो नीट वाचा. मूल्यमापनासाठी, म्हणजे मुलाला काय येतं आणि काय नाही हे तपासायला, तयार याद्या आहेत: सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी आणि मद्रासची एमडीपीएस. एमडीपीएसमध्ये १८ क्षेत्रं आणि प्रत्येकात २० कौशल्यं. तुमचं काम या आयत्या सांगाड्याला तुमच्या शाळेच्या गल्लीतलं मांस चढवायचं.

ते कसं, हे मी चुकूनच शिकले. माझा पहिला पाठ होता 'बाजारहाट'. भाजीवाली, तराजू, मेथीची जुडी, अर्धा किलो बटाटे, पंधरा उद्दिष्टं, रंगीत चित्रं. दोन महिन्यांनी वर्गात गेले तर पाठ कपाटात. वर्गताई म्हणाली, "अहो, यांच्या घरची भाजी आई स्टेशनवरून येताना आणते. ही मुलं कधी भाजी घेणार?" मग ती मुलं घेतात काय? शाळा सुटल्यावर कोपऱ्यावर वडापाव. इतकंच.

म्हणून पहिला महिना काही लिहू नका. वर्गात मागच्या बाकावर बसा, शाळेच्या बसने मुलांबरोबर घरी जा, चाळीच्या जिन्यापर्यंत. दूध कोण आणतं, कडी कुठल्या बाजूची आहे, संडास घरात आहे की मजल्याच्या टोकाला, तिथे बादली आहे की नळ, हे वहीत टिपा. शाळेच्या चकचकीत वॉशरूममध्ये फ्लशचं बटण दाबायला शिकलेला मुलगा घरी तांब्याने पाणी टाकायचं विसरतो आणि आपण म्हणतो, कौशल्य टिकलं नाही.

मग उद्दिष्ट. 'पैशांची ओळख होईल' हे वाक्य मी दिसेल तिथे खोडते. ओळख झाली हे कळणार कसं? माझं वाक्य असं असतं: "दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा समोर ठेवल्यावर, कुणी न सांगता, पाचपैकी चार वेळा वीसची नोट उचलून देतो." कोण, कशासमोर, किती मदतीने, किती वेळा. आणि खोट्या नोटा वापरू नका. खेळण्यातल्या नोटांवर शिकलेल्या आमच्या एका मुलाने खरी मळकी नोट हातात घ्यायलाच नकार दिला होता.

आता तर गाडीवर क्यूआर कोड आला. मी बरेच दिवस हटून बसले होते, आधी नाणी, मग बाकीचं. पण आमच्या सतरा वर्षांच्या एका मुलाची नाण्यांची मोजणी तीन वर्षं अडली होती, आणि गाडीवरच्या डब्यातून आवाज आला की पैसे पोचले हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्याच्या पाठाच्या पायऱ्या आम्ही बदलल्या: रांगेत उभं राहा, बोटाने दोन दाखव, ताई फोनवरून पैसे देतील, डब्याचा आवाज येईपर्यंत थांब, मग पुडी घे. पिन मात्र मुलाला द्यायचा नाही. हे आईला लेखी कळवा, नाहीतर तुमच्या पाठापायी घरात भांडण लागेल.

पायऱ्या पाडताना स्वतः ते काम करत करत लिहा. खुर्चीत बसून लिहिलं की दोन-तीन पायऱ्या हमखास सुटतात. माझ्या पहिल्या वडापावात रांगच नव्हती! आणि कुठल्या टोकापासून शिकवायचं तेही पाठात लिहा. बूट घालायला मी शेवटून सुरुवात करते. सगळं ताई करतील, वेलक्रोची पट्टी तेवढी मुलगी लावेल. पहिल्याच दिवशी 'झालं!' म्हणायला तिला मिळतं.

मराठीत लिहिताना एक अडचण इंग्रजी साहित्यातून येणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. आपले आकडे उलटे बोलतात. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. एकोणतीस म्हटलं की मूल तीन लिहून मोकळं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या आणि लोक हसत होते. आमच्या स्टाफरूममध्ये कुणी हसलं नाही, आम्ही कित्येक वर्षं तेच करत होतो. पण दुकानदार 'पंचवीस'च म्हणणार, म्हणून पाठात दोन्ही ठेवा: लिहायला 'वीस पाच', ऐकायला 'पंचवीस'. अक्षरांचंही तसंच. घ आणि ध, भ आणि म एकाच आठवड्यात आणू नका. आणि बाराखडी संपेपर्यंत वाचन थांबवू नका. 'बाहेर', 'धोका', 'स्त्रिया', 'पुरुष' हे शब्द चित्रासारखे आधी शिकवा. स्त्रियांमधलं जोडाक्षर कठीण आहे, पण स्टेशनवर चुकीच्या दारात शिरणं त्याहून महाग पडतं.

वर्गताईचा वेळ हे तुमच्या कामाचं खरं माप. दहा मुलं, एक मावशी, त्यात एकाला फिट येते. तिला तुम्ही सहा रकान्यांचा तक्ता दिलात तर ती शुक्रवारी संध्याकाळी सगळा एकदम भरणार, आणि का नाही भरणार? माझा तक्ता एका पानाचा आहे, तीनच खुणा: बरोबरची खूण म्हणजे स्वतः केलं, 'श' म्हणजे शब्दाने सांगावं लागलं, 'ह' म्हणजे हात धरावा लागला. पेन्सिल दोरीने तक्त्यालाच बांधलेली.

वैयक्तिक आराखड्याच्या, म्हणजे एकेका मुलाची उद्दिष्टं ठरवायच्या, बैठकीला आईला आधी बोलू द्या. आमच्याकडे एक आई नालासोपाऱ्याहून येते, विरार लोकलच्या गर्दीतून, मुलाला कडेवर धरल्यासारखं सांभाळत. आम्ही 'रंग ओळखणे' घेऊन बसलो होतो. ती म्हणाली, "बाई, तो गाडीत माझा पदर धरून ठेवेल एवढं शिकवा." त्या तिमाहीचं पहिलं उद्दिष्ट तेच झालं. रंग अजून बाकी आहेत.

आणि पानं शिवून पुस्तक करू नका, फाईलच्या दोरीला लावा, प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख टाका. आमच्या कोपऱ्यावरचा वडापाव मी पाठ लिहिला तेव्हा बाराचा होता, मग पंधराचा झाला, आता वीसला आहे. पान मी तीनदा बदललंय.