अलास्काच्या क्रूझसाठी बूट
केचिकन या अलास्कातल्या बंदराला वर्षाला ३,५०० मिमीहून जास्त पाऊस पडतो आणि जुलैतही हवा गारच असते, त्यामुळे पावसाळी सँडल इथे कामाचे नाहीत. घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट घ्या, तेही जाड लोकरी मोजे घालून मापून. बोटं आवळली गेली की पाय गारठतात. सोल मऊ रबराचा हवा. कडक सोल क्रीक स्ट्रीट या केचिकनमधल्या लाकडी रस्त्याच्या ओल्या फळ्यांवर घसरतो. निघण्याआधी दोन आठवडे रोज वापरा, नाहीतर टाचेला फोड ठरलेलेच. सुती मोजे नकोतच, लवकर वाळत नाहीत. बूट आतून भिजलेच तर इनसोल काढून कागदाचे बोळे कोंबा आणि दर दोन-तीन तासांनी बदला. हेअरड्रायरच्या उष्णतेने सोल सुटू शकतो. जहाजावरच्या जेवणासाठी एक हलका जोड पुरे. जड बूट विमानात पायातच घाला.